दुसऱ्याच्या भिंतीवर शिकताना

बांधकामाचा धंदा आपल्याकडे पुस्तकातून कोणी शिकत नाही. गवंड्याचा मुलगा आधी घमेले उचलतो, मग माल कालवतो, मग बापाच्या हाताखाली विटा देतो. चार-पाच वर्षांनी कधीतरी भिंतीच्या मधल्या भागात दोन थर त्याला लावू देतात. कोपरा मात्र बापच धरतो. ज्याच्या घरात हा धंदा नाही त्याला ही वाट सहसा बंद असते. म्हणून स्वतःच्या हाताने काही बांधावेसे वाटणाऱ्या शिकलेल्या तरुणांना अलीकडे आणखी एक वाट सुचवली जाते. गरजूंसाठी घरे बांधणाऱ्या एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून जा आणि काम करता करता शिका. गरजूला घर मिळते, शिकणाऱ्याला कसब मिळते, यात कोणाचेच नुकसान नाही, असे त्यामागचे गणित आहे.

कल्पना चांगली आहे आणि तिला शंभर वर्षांचा इतिहासही आहे. पण मराठवाड्यात बसून तिचा विचार करताना एक प्रश्न टाळता येत नाही. शिकणाऱ्याच्या हातून वाकडा गेलेला थर शेवटी कोणाच्या घरात राहतो? शिंप्याकडे शिकणाऱ्या पोराने कापड बिघडवले तर कापडाची किंमत जाते. भिंत बिघडली तर काय जाते, हे लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांनी ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे पाहिले आहे. त्यानंतर या भागात जे बांधकाम झाले, ते परोपकाराच्या घरातून कोण काय शिकतो हे तपासायला आपल्याजवळचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. आधी या श्रमदानाची परंपरा पाहू, मग किल्लारीची भिंत, आणि शेवटी शिकणाऱ्याने कोणते काम हातात घ्यावे आणि कोणते घेऊ नये, याचा विचार करू.

श्रमदानाची शंभर वर्षे

पहिले महायुद्ध संपून दोन वर्षे झाली होती. १९२० साली स्वित्झर्लंडचा पिएर सेरेसोल हा अभियंता काही सोबती घेऊन फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात घरे उभारायला गेला. त्या तुकडीत जर्मनही होते. कालपर्यंत एकमेकांवर तोफा डागणाऱ्या देशांच्या माणसांनी एकत्र भिंत बांधावी, हा त्यामागचा हेतू होता. बांधकाम शिकणे हा नव्हता. यातूनच पुढे ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना वाढली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा सेरेसोल भारतात आला आणि मुझफ्फरपूर भागात नव्या वस्त्या उभारण्याच्या कामात त्याने आपल्या युरोपीय सोबत्यांसह भाग घेतला. भूकंपानंतर बाहेरच्या स्वयंसेवकांनी खेड्यात येऊन घरे बांधणे, हा प्रकार भारतात असा किल्लारीच्या साठ वर्षे आधीचा आहे.

याच संघटनेची माणसे १९५०च्या दशकात वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनात आली. कुष्ठरुग्णांच्या जवळ जायला गावातली माणसे तयार नसत, त्या दिवसांत या परदेशी तरुणांनी तिथे मुक्काम करून दवाखान्याच्या इमारती उभारायला मदत केली. त्यांच्या येण्याचे महत्त्व विटामातीपेक्षा मोठे होते. ते पाहून आसपासच्या लोकांची भीती कमी होऊ लागली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाहुणे परत गेल्यावर आनंदवनातले बांधकाम थांबले नाही. तिथल्या रहिवाशांनीच पुढे घरे आणि कार्यशाळा उभारल्या. कसब तिथे राहणाऱ्या माणसांकडे गेले होते.

१९७६ साली अमेरिकेत मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था सुरू केली. तिने या कामाला एक पक्की पद्धत दिली. घर फुकट द्यायचे नाही. घर मिळणाऱ्या कुटुंबाने स्वतःच्या आणि इतरांच्या घरावर ठरावीक तास राबायचे, हा त्या पद्धतीचा कणा. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर, जे स्वतः हौशी सुतार होते, १९८४ पासून या कामात आले आणि ही कल्पना जगभर पोचली. २००६ साली कार्टर यांचा हा वार्षिक उपक्रम महाराष्ट्रात, लोणावळ्याजवळच्या मळवलीत झाला आणि तिथे शंभर घरांचे काम हाती घेण्यात आले. देशोदेशींचे स्वयंसेवक आठवडाभर राबले. पण अशा आठवडाभराच्या कामाची एक बाजू बाहेरून दिसत नाही. पाया आणि जोते कसबी कामगारांनी आधीच करून ठेवलेले असते, प्रत्येक घरावर जाणकार प्रमुख नेमलेला असतो, आणि चुकीला फारशी जागा राहणार नाही असे तुकडे करून काम स्वयंसेवकांच्या हाती दिले जाते. ही व्यवस्था योग्यच आहे. मात्र पाहुण्याला आपण घर बांधले असे वाटते, तेव्हा त्याने घराचा एक सोपा भाग बांधलेला असतो, हे त्याने ओळखलेले बरे.

आपल्या बाजूला श्रमदान अनोळखी नाही. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे कारसेवा हा शब्द या भागात घरोघरी माहीत आहे. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे जवळपास प्रत्येक महाविद्यालयाने कुठल्या ना कुठल्या खेड्यात घेतलेली आहेत. त्यांतून चर खणले गेले, रस्ते झाले, शोषखड्डे झाले. सात दिवसांत जे सुरक्षितपणे करता येते ते हेच. घराची भिंत त्या यादीत क्वचितच असते, आणि ते बरेच आहे.

किल्लारीची भिंत

किल्लारीचा भूकंप ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते आणि माणसे गाढ झोपेत होती. त्याची तीव्रता ६.२ ते ६.४च्या दरम्यान मोजली गेली. जगात याहून मोठे भूकंप दरवर्षी होतात आणि त्यांतल्या कित्येकांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे दगावतात. इथे सरकारी आकडाच जवळपास आठ हजारांवर गेला. भारतीय मानक संस्थेच्या तेव्हाच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, म्हणून कोणी भूकंपाचा विचार करून बांधत नव्हते हे खरे. पण त्या भिंती भूकंपाचा विचार न केलेल्या एवढ्याच नव्हत्या. त्या आतून दोन होत्या.

मराठवाड्यातली जुनी दगडी भिंत दोन-अडीच फूट, कधी त्याहून जाड असते. बाहेरून ती किल्ल्यासारखी भासते. पण तिचा छेद घेतला तर बाहेरचे एक तोंड, आतले एक तोंड आणि मध्ये भरलेले दगडगोटे, कपऱ्या आणि माती, असे तीन भाग निघतात. दोन्ही तोंडे स्वतंत्रपणे चढवलेली असतात. त्यांना एकमेकांत अडकवणारा, भिंतीच्या पूर्ण जाडीइतका लांब दगड, म्हणजे बंधदगड, बहुतेक ठिकाणी नसतो. त्यातून लांबट दगड मिळाला तर तो भिंतीच्या पोटात शिरेल असा न ठेवता दर्शनी बाजूला आडवा लावण्याकडे कल असतो, कारण मग कमी दगडांत जास्त भिंत होते आणि ती दिसायलाही चांगली दिसते. जमीन हलली की मधली भर खाली बसते, दोन्ही तोंडांना आतून रेटा बसतो, भिंतीला पोट सुटते आणि ती दोन्हीकडे उलगडते.

वर माळवद. लाकडी खांब, तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा थर. दहा फूट बाय दहा फुटांच्या एका खोलीवर एक फूट माती धरली तरी शंभर घनफूट होते, म्हणजे साधारण पाच टन. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला दरवर्षी नवी माती टाकण्याची रीत असल्यामुळे हा थर काही घरांत दोन फुटांवर गेलेला असे. मग वजन दहा टन. हे माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवते, हे कोणीही नाकारणार नाही. पण तो भार झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर असतो.

या ढिगाऱ्यांत एक गोष्ट अनेक ठिकाणी दिसली. भिंती कोसळल्या, पण खांब आणि तुळयांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. सुताराने सांधे बांधताना एक लाकूड दुसऱ्यात अडकवलेले होते. दगडांना तसे कोणी अडकवलेले नव्हते. तज्ज्ञांनी पुढे सांगितलेले उपाय याच निरीक्षणाला धरून होते आणि ते फारसे महागही नव्हते. १९९३ सालीच प्रसिद्ध झालेल्या कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामाविषयीच्या भारतीय मानकात (आय. एस. १३८२८) लिहिले आहे की दगडी भिंत ४५ सेंटिमीटरपेक्षा जाड नसावी, आणि उंचीत दर ६० सेंटिमीटरला व लांबीत दर १२० सेंटिमीटरच्या आत एक बंधदगड असावा. आपल्या भाषेत, दर दोन फूट उंचीला आणि दर चार फूट अंतरावर एक. जी भिंत आधीच उभी आहे तिच्यातले काही दगड हळूच काढून आरपार भोक करायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडे वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. बंधदगडाचे काम ते करते. याखेरीज माळवदावरची माती कमी करणे, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे टेकू देणे, आणि सगळ्या भिंतींना पट्ट्यासारखे घट्ट बांधणारी आडवी पट्टी फिरवणे. यातले एकही काम गावच्या गवंड्याच्या आवाक्याबाहेरचे नाही.

घर मिळाले, कसब कोणाला?

पुनर्वसनाचे दोन मोठे भाग झाले. ज्या ५२ गावांचे सर्वाधिक नुकसान झाले होते ती नव्या जागी हलवण्यात आली. देशभरातून आलेल्या दानशूर संस्था, उद्योग, वर्तमानपत्रे आणि सरकार यांनी मिळून तिथे घरे उभी केली. कुटुंबाकडे जमीन किती यावरून २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचे घर ठरले. दुसरा भाग दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा होता. जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधाराने चाललेल्या या कार्यक्रमात तेरा जिल्ह्यांतली सुमारे दोन लाख घरे घेण्यात आली. तिथे पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती दिले जात आणि घर त्याने स्वतः उभे करायचे होते.

या दोन भागांची तुलना करताना पहिल्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पावसात उघड्यावर पडलेल्या माणसाला छप्पर लवकर देणे हे पुण्याचे काम होते. पण शिकण्याच्या अंगाने पाहिले तर स्थलांतरित गावांत काम मुख्यतः ठेकेदारांनी केले. यंत्रे, ठोकळे आणि मजूर बाहेरून आले आणि ज्यांची घरे होणार होती ते कडेला उभे राहून पाहत होते. परिणाम पुढच्या दहा-पंधरा वर्षांत दिसू लागला. कुटुंबे वाढली, घराला खोली जोडायची वेळ आली, तेव्हा कित्येकांनी ती जुन्याच सवयीने दगड-मातीत किंवा जमेल तशी विटांत चढवली. मूळ घराला पट्टी होती, जोडलेल्या खोलीला नव्हती. भूकंपाला तोंड देणारे घर कसे असते हे घरात राहूनही त्यांना कोणी दाखवलेले नव्हते. दुसरीकडे दगडाचीच भीती बसली. चुकीच्या पद्धतीने लावलेला दगड मारतो, हे न सांगितल्यामुळे दगड मारतो, एवढेच लोकांच्या मनात राहिले. पिढ्यान्‌पिढ्या दगड घडवणाऱ्या वडार आणि पाथरवट कुटुंबांचे काम त्यामुळे आणखी आटले.

दुरुस्तीच्या भागात गाडी सुरुवातीला अडली. ज्या भिंतीने शेजारी मारला तीच भिंत सळई घालून सुरक्षित होते, यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून अहमदाबादच्या ‘आसाग’सारख्या संस्थांनी नमुन्यादाखल घरे करून दाखवली आणि गवंड्यांना प्रशिक्षण दिले. तरीही पुष्कळांनी जुनी भिंत सुधारण्यापेक्षा मिळालेल्या पैशांत एक नवी मजबूत खोली बांधणे पसंत केले. म्हणजे कार्यक्रम कागदावर होता तसा झाला नाही. पण त्या नव्या खोलीचे सिमेंट कुठून आणायचे, गवंडी कोण, सळई किती, हे निर्णय घरातल्या माणसांनी घेतले. निर्णय घेताना चुका झाल्या, विचारपूस झाली, भांडणे झाली. शिकणे त्यातूनच झाले.

या भागातला सर्वांत विलक्षण प्रयोग बायकांचा होता. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने शासनाच्या सोबतीने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या. गावकऱ्यांना योजना समजावून सांगणे आणि गावाचे म्हणणे अभियंत्यांपर्यंत पोचवणे, हे त्यांचे काम. पण हे काम करता करता त्या बांधकाम ओळखू लागल्या. वाळूत माती किती आहे, सिमेंटचे प्रमाण काय पडते आहे, पट्टीतली सळई नेमकी कोणत्या जाडीची आहे, पाणी किती दिवस मारले, हे त्या विचारू लागल्या. यातल्या बहुतेक जणींनी स्वतः भिंत बांधली नाही. तरी त्यांच्यामुळे ठेकेदाराला आणि गवंड्याला उत्तर द्यावे लागले. २००१ साली भुजचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छमध्ये गेल्या आणि तिथल्या बायकांना स्वतःच्या अनुभवावरून सांगू लागल्या. स्वयंसेवा म्हणून बांधकामावर गेलेल्या माणसाने काय शिकावे, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. त्या शिकल्या, कारण घर त्यांचे होते आणि चुकीची किंमत त्यांनाच द्यावी लागणार होती.

घमेले आणि थापी

इथे एका अवघड गोष्टीचा उल्लेख करायला हवा. मराठवाड्यातल्या कोणत्याही बांधकामावर निम्म्याच्या आसपास हात बायकांचे दिसतील. त्या वाळू चाळतात, माल कालवतात, घमेली वर पोचवतात, विटा भिजवतात. वीस वर्षे हे काम केलेल्या बाईला माल किती घट्ट हवा हे नुसत्या हाताला कळते. पण तिच्या हातात थापी येत नाही. गवंडी पुरुष आणि बिगारी बाई, ही वाटणी मजुरीच्या दरातही उतरलेली आहे. आणि शहरातून आलेल्या स्वयंसेवकाला मात्र पहिल्याच तासात थापी मिळते, कारण तो पाहुणा असतो आणि त्याला शिकायचे असते.

ही वाटणी बदलता येते. झारखंडमध्ये २०१८च्या सुमारास स्वच्छ भारत योजनेतल्या शौचालयांसाठी ग्रामीण बायकांना गवंडीकाम शिकवले गेले आणि ‘राणी मिस्त्री’ हे नाव देशभर पोचले. शौचालय हे शिकण्यासाठी नीट निवडलेले काम होते. लहान, चार भिंतींचे, त्यात कोपरे चारही आणि भार कमी. परोपकाराच्या घरावर शिकण्याची संधी देणारच असू, तर ती रांगेत आधी कोणाला मिळावी, याचे उत्तर स्पष्ट आहे. आधी घरमालकाला, मग त्या जागेवर रोज राबणाऱ्या बिगाऱ्यांना, मग पाहुण्यांना.

दुसरा प्रश्न मजुरीचा. मराठवाड्यात अर्धे वर्ष ऊसतोडीला जाणारी, उरलेल्या दिवसांत मिळेल ते काम धरणारी कुटुंबे आहेत. १९७२च्या दुष्काळात खडी फोडून जगलेल्यांची नातवंडे आज बांधकामावर आहेत. फुकट राबायला वीस हात आले की त्या दिवशी वीस जणांचा रोज बुडतो. म्हणून स्वयंसेवकांनी मजुराच्या जागी नव्हे तर मजुराच्या सोबत असावे, आणि घरासाठी जमलेल्या पैशातून मजुरी कापली जाऊ नये, हे आधीच ठरवून घ्यावे लागते.

किती दिवसांत काय येते

आता शिकू पाहणाऱ्या तरुणाच्या बाजूने पाहू. एका आठवड्यात काय हाती लागते? माल कालवणे हे पहिले. भिंतीसाठी एकास सहा म्हणजे काय, हे घमेल्याने मोजल्याशिवाय कळत नाही, आणि फावड्याने अंदाजे टाकलेले प्रमाण दर वेळी बदलते हेही तिथेच दिसते. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास सिमेंट धरू लागते, म्हणून माल थोडाथोडाच कालवायचा. वीट पाण्यात ठेवल्यावर बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत तिला भिजू द्यायचे. नाहीतर कोरडी वीट मालातले पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. कामावर किमान सात ते दहा दिवस पाणी मारावे लागते, आणि स्वयंसेवकाच्या दृष्टीने हा कंटाळवाणा भागच घराची ताकद ठरवतो. सहल म्हणून आलेल्या तुकडीला हा भाग दिसतच नाही, कारण तोवर ती परतलेली असते.

महिनाभर टिकला तर ओळंबा धरता येतो, दोरीला लागून सरळ थर घेता येतो, वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ न देण्याची सांधमोड अंगवळणी पडते. गिलावा, फरशी, जोत्यातली भर, अंगणातला ओटा, कुंपणाची भिंत ही कामे करायला हरकत नाही. त्यांत चूक झाली तर ती दिसते आणि दुरुस्त करता येते. पण कोपरे, दोन भिंतींचा मिलाफ, दारावरची पट्टी, सळईचे बांधणे आणि स्लॅब ही कामे शिकाऱ्याने पाहावीत, हाताखाली करावीत, स्वतःच्या जबाबदारीवर करू नयेत. त्यांतली चूक गिलाव्याखाली झाकली जाते. उदाहरण म्हणून सळईची रिंग घ्या. तिचे टोक १३५ अंशांत आत वळवलेले हवे, म्हणजे धक्का बसल्यावर ती उघडत नाही. घाईत ते काटकोनात वळवून सोडले जाते. काँक्रीट ओतल्यावर ते कोणालाच दिसत नाही. ते उघडे पडते भूकंपातच.

यासाठी साधा उपाय आहे आणि तो प्रशिक्षण संस्थांत वापरला जातो. सरावाची भिंत बांधायची, नुसत्या मातीच्या मालात. कोपरा घ्यायचा, ओळंबा लावून पाहायचा, आणि संध्याकाळी मोडून विटा धुऊन ठेवायच्या. दुसऱ्याच्या घरावर थापी धरण्याआधी अशा दहा भिंती मोडलेल्या असाव्यात. घरे बांधून देणाऱ्या कोणत्याही संस्थेला आपली सेवा देताना स्वयंसेवकाने हे विचारावे: इथे सरावाची भिंत आहे का, एका गवंड्यामागे शिकणारे किती, आणि माझे काम चुकले तर ते मोडण्याचा अधिकार कोणाकडे आहे? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नसेल तर वाळू चाळावी आणि घमेले उचलावे. तेही शिकणेच आहे.

मुदखेडपुरते

मुदखेड किल्लारीपासून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. आमच्या जुन्या वस्तीत दगड-मातीच्या भिंती आणि माळवदे अजून आहेत, आणि त्यांच्या शेजारी स्लॅबची घरेही. २१ मार्च २०२४च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि तो नांदेड-परभणीतही जाणवला. त्यानंतर प्रशासनाने आवाहन केले की घरावरच्या पत्र्यांना आधार म्हणून ठेवलेले दगड काढून घ्यावेत. सल्ला बरोबर होता. पण त्या दगडांच्या खाली असलेल्या भिंतीत बंधदगड आहे की नाही, हे सांगू शकणारा माणूस प्रत्येक गल्लीत असायला हवा होता.

अशी माणसे तयार करण्याची एक संधी सध्या चालू आहे. २०१६पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २७० चौरस फुटांच्या आसपासचे घरकुल बांधले जाते. किल्लारीनंतरच्या सर्वांत लहान घरापेक्षा जरासे मोठे. या योजनेत ग्रामीण गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे प्रशिक्षण ठेवलेले आहे आणि ते वर्गात नव्हे तर लाभार्थ्याच्या घरावरच, जाणकार गवंड्याच्या देखरेखीखाली होते. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. गरिबाच्या घरावर शिकण्याची कल्पना इथे सरकारी कागदावर आली आहे. तिचे भले-बुरे आपल्या हातात आहे. पंचेचाळीस दिवस भरणाऱ्यांत त्याच घराची बाई असेल, आणि गावातले महिला मंडळ संवाद सहायकांप्रमाणे सळई मोजत असेल, तर घरकुल शाळा होईल. नुसत्या सह्या झाल्या तर ना घर धड, ना गवंडी.

महाविद्यालयांच्या शिबिरांसाठीही एक काम सुचवता येते. घरकुल बांधण्यासाठी जुनी घरे पाडली जात आहेत. पाडकामाला कोणी शिक्षण मानत नाही, पण भिंत आतून कशी आहे हे तेव्हाच उघडे पडते. जाणकार गवंडी सोबत घेऊन, वरचा भार आधी उतरवून आणि सुरक्षित अंतर ठेवून विद्यार्थ्यांनी अशा भिंतीचा छेद पाहावा, तिची जाडी मोजावी, बंधदगड किती निघाले ते लिहावे, माळवदावरची माती किती फूट होती ते नोंदवावे. एका तालुक्यात अशी शंभर घरे नोंदली गेली तर उभ्या असलेल्या घरांविषयी आज फक्त अंदाजाने जे बोलले जाते ते पुराव्याने बोलता येईल. कोणत्या घराचे माळवद आधी हलके करायचे, कोणाच्या भिंतीला सळई आधी घालायची, हे ठरवता येईल. या कामात कोणाच्या घराचे नुकसान होत नाही, कोणाचा रोज बुडत नाही. आणि हे काम करून आलेला मुलगा किंवा मुलगी पुढच्या वर्षी कोणाच्या भिंतीवर थापी धरील, तेव्हा हातातला लांब दगड दर्शनी बाजूला आडवा न लावता भिंतीच्या पोटात घालेल.